टंकस्वरूपांची निवड आणि मराठीची नोंद

१.

खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात अक्षरांची निवड डोळ्यांदेखत घडत असे. जुळारी खणातून खिळा उचले, तो खिळा नसेल तर दुसऱ्या मापाचा किंवा दुसऱ्या वळणाचा उचले, आणि झालेली तडजोड मुद्रितशोधकाला पहिल्याच ताव्यावर दिसे. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ साली देवनागरी खिळ्यांत निघाले आणि त्यांचा मराठी कोश १८१० साली मोडी खिळ्यांत निघाला. मराठीची लिपी कोणती मानावी, याविषयीचे दोन वेगळे निर्णय त्या दोन पुस्तकांत आहेत, आणि ते ग्रंथाच्या पानावरच वाचता येतात. पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने मराठी व संस्कृत मुद्रणाला जे वळण दिले, तेही खिळ्यांच्या रूपाने समोर उभे होते. बापूराव नाईक यांना देवनागरी मुद्राक्षरांचा त्रिखंडात्मक इतिहास १९७१ साली सिद्ध करता आला, यालाही हे एक कारण आहे. निर्णयाचे पुरावे धातूत आणि कागदावर शिल्लक होते.

संगणकावरील कार्यालयीन आज्ञावलीने ही निवड पडद्याआड नेली. दस्तऐवज उघडताच आज्ञावली काही प्रश्न स्वतःच सोडवते. दस्तऐवजात नोंदलेल्या नावाचा टंक, म्हणजे फाँट, या यंत्रावर आहे काय? एकाच नावाचे दोन टंक असतील तर कोणत्या स्वरूपाचा घ्यावा? नसेल तर त्याऐवजी कोणता? आणि त्या टंकात हवे ते अक्षर नसेल तर ते कोठून आणावे? या प्रश्नांची उत्तरे क्षणार्धात दिली जातात आणि वापरणाऱ्याला केवळ परिणाम दिसतो. ज्या पद्धतीने अक्षरांचे आकार व त्यांचे नियम फाइलमध्ये साठवले जातात, तिला येथे टंकस्वरूप म्हटले आहे. टाइप-वन, ट्रूटाइप आणि ओपनटाइप ही त्याची मुख्य नावे.

या स्वरूपांतील स्पर्धेचा इतिहास बहुधा मोठ्या कंपन्यांच्या व्यापारी संघर्षाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मराठीच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा आहे. कोणते स्वरूप जिंकले, यापेक्षा त्या त्या स्वरूपात मराठी मजकुराची नोंद कोणती भाषा म्हणून झाली, हा मराठीपुढचा खरा प्रश्न होता. जवळजवळ दोन दशके मराठी लेखनाचा फार मोठा भाग संगणकाच्या लेखी रोमन लिपीतील मजकूर होता. त्याची कारणे आणि परिणाम तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

चंडीगढसारख्या शहरातून पाहिल्यास हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. १ नोव्हेंबर १९६६ रोजी केंद्रशासित झालेल्या या शहराच्या प्रशासनाची भाषा इंग्रजी, रस्त्यावरची भाषा पंजाबी आणि हिंदी. १५ ऑगस्ट १९७८ रोजी येथून इंग्रजी ट्रिब्यूनच्या जोडीला ‘दैनिक ट्रिब्यून’ व ‘पंजाबी ट्रिब्यून’ ही पत्रे सुरू झाली, आणि रोमन, देवनागरी व गुरुमुखी या तिन्ही लिपी एका वृत्तपत्रसमूहात नांदू लागल्या. अशा शहरात मराठीचा दस्तऐवज जेव्हा पोहोचतो, तेव्हा तेथील यंत्राला देवनागरी ठाऊक असते, पण देवनागरी म्हणजे हिंदी अशीच त्याची बहुधा समजूत असते. महाराष्ट्रात सवयीने झाकले जाणारे दोष म्हणूनच येथे उघडे पडतात.

२.

आरंभीची घटना मराठीपासून फार दूरची आहे. अडोबी या कंपनीने १९८४ साली पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा आणली आणि १९८५ साली ॲपलच्या लेझररायटर या मुद्रकातून ती छपाईच्या व्यवसायात शिरली. तिच्यासोबत टाइप-वन हे टंकस्वरूप आले. त्याचा तपशील कंपनीने गुप्त ठेवला होता. तसे टंक करायचे तर अडोबीचा परवाना घ्यावा लागे. सप्टेंबर १९८९ मध्ये सेबोल्ड परिषदेत ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एकत्र येऊन स्वतंत्र टंकस्वरूपाची घोषणा केली. या दबावाखाली अडोबीने मार्च १९९० मध्ये टाइप-वनचा तपशील प्रसिद्ध केला. परंतु ट्रूटाइपची वाटचाल थांबली नाही. १९९१ साली ते ॲपलच्या सिस्टिम-सेव्हनमध्ये आणि एप्रिल १९९२ मध्ये विंडोज ३.१ मध्ये आले.

दोन्ही स्वरूपांत अक्षराची बाह्यरेषा गणिती वक्रांनी सांगितली जाते. टाइप-वनमध्ये हे वक्र त्रिघाती असतात, तर ट्रूटाइपमध्ये द्विघाती. कार्यालयात मात्र निर्णायक ठरला तो हा फरक नव्हे. टाइप-वन टंकासाठी विंडोजवर बाह्यरेषांची एक आणि मापांची दुसरी अशा दोन फाइली लागत, शिवाय पडद्यावर अक्षरे नीट दिसण्यासाठी अडोबी टाइप मॅनेजर ही वेगळी आज्ञावली बसवावी लागे. ट्रूटाइप टंक एकाच फाइलमध्ये मावे आणि विंडोजला तो जन्मतःच कळे. साहजिकच कामाची वाटणी झाली. छपाईपूर्व कामे करणाऱ्या डीटीपी केंद्रांत पोस्टस्क्रिप्ट यंत्रांमुळे टाइप-वनचा मान राहिला, आणि पत्रव्यवहार, अहवाल, परिपत्रके यांसाठी कार्यालयांत ट्रूटाइप रूढ झाले. पुण्याच्या सी-डॅकच्या अनेक देवनागरी टंकांच्या नावांत ‘टीटी’ ही ट्रूटाइपची आद्याक्षरेच होती. ‘डीव्ही-टीटीयोगेश’ आणि ‘डीव्ही-टीटीसुरेख’ ही नावे त्या काळी संगणकावर मराठी लिहिणाऱ्या पुष्कळांच्या नजरेखालून गेली.

कार्यालयीन आज्ञावलीच्या टंकयादीत नावांपुढे लहान चिन्हे दिसत. दोन ‘टी’ असतील तर ट्रूटाइप, मुद्रकाचे चित्र असेल तर मुद्रकातला टंक. वापरणाऱ्याला या स्पर्धेची दिसणारी खूण एवढीच. दस्तऐवजात मात्र टंक साठवला जात नसे, त्याचे नुसते नाव साठवले जाई. ट्रूटाइप टंक दस्तऐवजाबरोबर बांधून देण्याची सोय पुढे वर्डमध्ये आली खरी. पण त्यासाठी टंककर्त्याने फाइलमध्ये तशी अनुमती नोंदलेली असावी लागते, आणि टाइप-वनला ती सोय नव्हतीच. परिणामी दुसऱ्या यंत्रावर दस्तऐवज उघडताना आज्ञावली नाव शोधत असे आणि ते न सापडल्यास जवळचा वाटेल तो टंक लावत असे. इंग्रजी मजकुराला यामुळे फारसा अपाय होत नाही. एका रोमन टंकाऐवजी दुसरा आला तरी शब्द तेच राहतात. मराठीचे तसे नव्हते. ते का, हे पाहण्यासाठी अक्षर आणि संकेतांक यांच्या नात्याकडे वळावे लागते.

३.

त्या काळच्या टंकांत अक्षरांना एका वेळी अधिकाधिक २५६ संकेतांक उपलब्ध असत आणि त्यांतलेही काही यंत्राच्या कामासाठी राखीव असत. मूळ स्वर-व्यंजने, अर्धी अक्षरे, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’, ‘त्र’, ‘द्ध’ यांसारखी जोडाक्षरे, रफार, निरनिराळ्या लांबीच्या वेलांट्या आणि वेगवेगळ्या उंचीवरचे अनुस्वार एवढ्या जागेत बसवणे ही कसरत होती. ती प्रत्येक संस्थेने आपापल्या परीने केली. रोमन अक्षरांसाठी ठरलेल्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले गेले, आणि कोणता तुकडा कोणत्या जागी हे ज्याने त्याने ठरवले. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव या प्रत्येक कुळाची मांडणी निराळी होती.

यातून दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी की मजकूर उच्चारानुसार न साठता दिसण्यानुसार साठू लागला. ‘कि’ या अक्षरातली वेलांटी डावीकडे दिसते म्हणून आधी वेलांटी, मग ‘क’. ‘अर्थ’ या शब्दातला रफार ‘थ’च्या डोक्यावर दिसतो म्हणून आधी ‘थ’, मग रफार. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची ही जुनी रीत होती. पण जुळाऱ्याने जुळवलेले पान शोध घेण्यासाठी किंवा अकारविल्हे लावण्यासाठी यंत्राला देण्याचा प्रसंग कधी येत नसे. दुसरी गोष्ट अधिक खोल होती. आज्ञावलीच्या दृष्टीने त्या संकेतांकांचा अर्थ रोमनच राहिला. पडद्यावर ज्ञानेश्वरीवरील निबंध दिसत असला, तरी आज्ञावली त्याला इंग्रजी समजून शुद्धलेखन तपासू लागे आणि प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ ओढी. त्या तांबड्या रेघांना सरावलेल्या पिढीला त्यांचा अर्थ क्वचितच कळला असेल. हा मजकूर मराठी आहे याची नोंद दस्तऐवजात कुठेच नव्हती. ती होती ती केवळ टंकाच्या नावात. ते नाव हरवले, किंवा त्या नावाचा टंक यंत्राला वाचता आला नाही, की मराठी संपली आणि रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग उरला.

भारतात या अडचणीवर अधिक शहाणा मार्ग आधीच सापडला होता, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. आयआयटी कानपूर येथे सुरू होऊन पुढे सी-डॅककडे आलेल्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाने मजकुराची साठवण आणि त्याचे दर्शन या दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. साठवण ‘इस्की’ या संकेतप्रणालीत होई, आणि ती प्रणाली १९९१ साली भारतीय मानक १३१९४ म्हणून मान्य झाली. ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींसाठी तिच्यात एकच तक्ता होता. देवनागरीतला ‘क’ आणि गुरुमुखीतला ‘क’ यांचा संकेतांक एकच, लिपी बदलली की दर्शन बदले. म्हणजे तत्त्वतः नामदेवांचे पद एकदाच साठवून पंढरपुरात देवनागरीत आणि पंजाबात गुरुमुखीत वाचता आले असते. परंतु परदेशातून आलेल्या कार्यालयीन आज्ञावलींना इस्की कळत नव्हती. त्यांना कळत होता तो टंक. त्यामुळे त्यांच्यासाठी इस्कीवरून तुकड्यांची मांडणी करणारे टंकसंकेत आणावे लागले, आणि शेवटी दस्तऐवजात साठले ते तुकडेच.

पंजाबातही हेच घडले, आणि त्याचे एक उदाहरण मराठी अभ्यासकाला विशेष जवळचे आहे. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या पंजाबातील वास्तव्याशी जोडले गेले आहे. अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन एप्रिल २०१५ मध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली तेथेच भरले. गुरु ग्रंथ साहिबाचा संगणकीय पाठ अमेरिकेत राहणारे डॉ. कुलबीरसिंग थिंड यांनी मोठ्या कष्टाने सिद्ध केला, आणि त्यासाठी रोमन जागांवर गुरुमुखी बसवलेले टंक त्यांनी केले. युनिकोड अजून कार्यालयीन यंत्रांवर पोहोचायचे होते, त्या काळात हाच मार्ग मोकळा होता. त्या टंकांत ‘नामा’ ही नामदेवांची मुद्रा पडद्यावर गुरुमुखीत शुद्ध उमटते, पण यंत्राच्या स्मृतीत ती ‘एन, डब्ल्यू, एम, डब्ल्यू’ अशी चार रोमन अक्षरे असते. काना ‘डब्ल्यू’च्या जागी बसवला आहे. टंक बाजूला केला तर नामदेव उरत नाहीत. पुढे हा पाठ युनिकोडमध्ये आला म्हणून तो आज कोणत्याही यंत्रावर वाचता येतो. त्या काळच्या असंख्य मराठी दस्तऐवजांना असा वाली मिळालेला नाही.

४.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यातील भारतीय लिपींची मांडणी १९८८च्या इस्कीवर आधारलेली आहे, मात्र प्रत्येक लिपीला स्वतंत्र जागा दिलेली आहे. देवनागरी ‘क’ ०९१५ वर, गुरुमुखी ‘क’ ०ए१५ वर, म्हणजे ओळ वेगळी पण ओळीतले स्थान तेच. साठवण पुन्हा उच्चारक्रमाने झाली. ‘कि’मध्ये आधी ‘क’, मग वेलांटी. आता वेलांटी डावीकडे नेणे, रफार वर चढवणे, पाय मोडलेल्या अक्षरांचे जोडाक्षर करणे, हे काम दुसऱ्या कोणीतरी करायला हवे होते.

ते काम ओपनटाइपने आणि आज्ञावलीतील अक्षरघडणीच्या यंत्रणेने वाटून घेतले. मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी या जुन्या प्रतिस्पर्ध्यांनी १९९६ साली ओपनटाइपची घोषणा केली. या स्वरूपात बाह्यरेषा ट्रूटाइप पद्धतीच्या असोत की पोस्टस्क्रिप्ट पद्धतीच्या, दोन्ही चालतात. म्हणजे जुने भांडण त्यात सामावून गेले. भारतीय लिपींसाठी महत्त्वाचे होते ते दुसरेच. कोणत्या अक्षरांच्या जोडीऐवजी कोणता आकार घ्यायचा आणि कोणते चिन्ह कोठे बसवायचे, याचे तक्ते टंकातच लिहिण्याची सोय झाली. विंडोज २००० मध्ये ही व्यवस्था देवनागरीसाठी कार्यान्वित झाली आणि तिच्याबरोबर ‘मंगल’ हा टंक आला. त्याचे कर्ते र. कृ. जोशी (१९३६–२००८), आयआयटी मुंबईच्या औद्योगिक संकल्पन केंद्रातील प्राध्यापक आणि मराठी सुलेखनाला नवी दृष्टी देणारे कलावंत. गुरुमुखीला हीच सोय ‘रावी’ या टंकासह पुढच्या, म्हणजे २००१च्या विंडोज एक्सपीमध्ये मिळाली. लिपींच्या रांगेत कोण कधी उभे राहिले, हेही या इतिहासाचे एक अंग आहे.

यापुढे आज्ञावलीची निवड अधिक गुंतागुंतीची झाली. युनिकोड मजकूर हाती आला की ती प्रथम त्याचे लिपीनुसार तुकडे करते. मायक्रोसॉफ्ट वर्ड आणि लिब्रेऑफिस या दोन्हींत पाश्चात्त्य, पूर्व आशियाई आणि जटिल लिपी अशा तीन गटांसाठी टंकाची स्वतंत्र नोंद असते. देवनागरी तिसऱ्या गटात येते. म्हणून एकाच वाक्यात मराठी व इंग्रजी शब्द असतील, तर वापरणाऱ्याने एक टंक निवडला असे त्याला वाटले, तरी आज्ञावली दोन टंक वापरत असू शकते. मराठी शब्दांवर टंक बदलूनही काही होत नाही, ही नवख्यांची तक्रार याच वाटणीतून निघते. बदल पाश्चात्त्य खात्यात नोंदला जातो, मजकूर जटिल लिपीच्या खात्यात असतो. त्यानंतर त्या टंकात देवनागरीचे तक्ते आहेत काय, हे पाहिले जाते. नसतील तर पर्यायी टंक शोधला जातो. हे सारे झाल्यावर शेवटचा प्रश्न येतो तो भाषेचा.

ओपनटाइप टंकात लिपीच्या खाली भाषेचेही खाते असते. देवनागरीखाली मराठीसाठी वेगळी खूण आहे. या खात्यात मराठी वळणाचा ‘ल’ आणि मराठी वळणाचा ‘श’ ठेवता येतात, आणि हिंदी मजकुरासाठी हिंदी वळणाचे आकार कायम राहतात. एकच टंक, एकच संकेतांक, पण दस्तऐवजात भाषा मराठी नोंदली असेल तर एक आकार, हिंदी नोंदली असेल तर दुसरा. लिब्रेऑफिससारखी आज्ञावली दस्तऐवजातील भाषेची नोंद अक्षरघडणीच्या यंत्रणेकडे पोहोचवते आणि टंकात मराठीचे खाते असेल तर ते उघडते. चंडीगढमधील एखाद्या कार्यालयाच्या यंत्रावर देवनागरीची भाषा पूर्वनिश्चित ‘हिंदी’ असेल आणि तेथे मराठी निबंध टंकला जात असेल, तर तो हिंदी म्हणूनच नोंदला जाईल. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतील, शुद्धलेखन हिंदी कोशावर तपासले जाईल, आणि ‘आहे’ खाली लाल रेघ येईल. रोमनच्या खात्यातून सुटलेली मराठी अशी हिंदीच्या खात्यात जाऊन पडते.

या वळणांचा पूर्वेतिहास पाहता ही बाब किरकोळ मानता येत नाही. स्वातंत्र्योत्तर काळात देवनागरीच्या प्रमाणीकरणाचे जे प्रयत्न झाले, त्यांतून केंद्रीय हिंदी निदेशालयाने १९६६ साली मानक वर्णमाला प्रसिद्ध केली. तिच्यात ‘अ’, ‘झ’, ‘ण’ यांची मुंबई वळणाची, म्हणजे मराठी मुद्रणात रुळलेली रूपे स्वीकारली गेली. उत्तर भारताने ही तीन अक्षरे मराठी छापखान्यांकडून घेतली, याची आठवण आज फार थोड्यांना आहे. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होते. पण १९६६ मधील निर्णय परिषदा, समित्या आणि वाद यांतून झाला होता. संगणकावर ‘ल’ आणि ‘श’ बदलले ते पूर्वनिश्चित नोंदीमुळे, कोणी ठरवल्याशिवाय. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुधारित निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचा आग्रह धरला. तो अमलात यायचा तर तसे आकार असलेले टंक हवेत, आणि दस्तऐवजावर मराठीची खूणही हवी.

आकाराच्या पलीकडे अर्थही पणाला लागतो तो अर्ध्या ‘र’च्या बाबतीत. ‘आचार्यास’ दिलेला मान आणि ‘आचार्‍यास’ दिलेला मान यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. हिंदीला या दुसऱ्या ‘र’ची गरज नाही, मराठीला ती आहे. युनिकोडने त्यासाठी नुक्तायुक्त ‘ऱ’चा, म्हणजे ०९३१ या संकेतांकाचा, पाय मोडण्याची रीत ठेवली, आणि जुन्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देण्याचीही. दोन्ही रीतींनी एकच आकार उमटतो. परंतु शोध घेताना हे दोन वेगळे शब्द ठरू शकतात. ‘ॲ’ची कथाही अशीच. ‘ॲड’ किंवा ‘ॲसिड’ लिहिणाऱ्या मराठीला हा स्वर स्वतंत्र संकेतांक म्हणून २००८च्या युनिकोड ५.१ मध्ये, ०९७२ या जागी मिळाला. तोवर ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवले जाई, आणि जुने टंक तेवढेच ओळखतात. नवा ‘ॲ’ जुन्या टंकात न मिळाल्यास आज्ञावली तेवढ्या एका अक्षरासाठी दुसरा टंक आणते. पानावर मधेच एखादा ‘ॲ’ परका दिसतो, त्यामागे हा हिशेब असतो.

५.

नोव्हेंबर २००९ हा महिना या इतिहासात दुहेरी महत्त्वाचा आहे. राज्याने वर्णमालेचा निर्णय काढला त्याच महिन्यात केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी दोन मानके जाहीर केली. संकेतांकांसाठी युनिकोड ५.१ व त्यापुढील आवृत्त्या, आणि टंकासाठी ओपन फाँट फॉरमॅट, म्हणजे ओपनटाइपचेच आंतरराष्ट्रीय मानकरूप. ज्या प्रश्नाचा निकाल १९८९ पासून बाजार लावत आला होता, त्यावर भारतीय शासनाने अधिकृतपणे आपली निवड सांगितली ती येथे.

दरम्यान आज्ञावलींनी आपापले दरवाजे बंद करायला सुरुवात केली होती. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०१३ ने टाइप-वन टंकांना वगळले. फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेल्या लिब्रेऑफिस ५.३ ने सर्व यंत्रणांवर हार्फबझ ही एकच अक्षरघडणीची यंत्रणा स्वीकारली आणि टाइप-वनचा आधार सोडला. जानेवारी २०२३ मध्ये खुद्द अडोबीने, ज्या कंपनीने हे स्वरूप जन्माला घातले तिनेच, आपल्या आज्ञावलींतून त्याला निरोप दिला. तांत्रिक दृष्टीने हे निर्णय समजण्याजोगे आहेत. अनेक यंत्रणा सांभाळण्यापेक्षा एक चांगली सांभाळावी. देवनागरीला तर त्याचा लाभच झाला, कारण एकाच दस्तऐवजातली जोडाक्षरे विंडोजवर एक आणि लिनक्सवर दुसरी दिसण्याचा प्रकार त्यामुळे पुष्कळ कमी झाला.

तोटा झाला तो जुन्या दस्तऐवजांचा. इंग्रजी दस्तऐवजाचा टाइप-वन टंक गेला तर त्याचे रूप बदलते. मराठी दस्तऐवजाचा गेला तर मजकूरच जातो, कारण तो मराठी असल्याची एकमेव नोंद त्या टंकाच्या नावात होती. ट्रूटाइप टंक अजून चालतात, म्हणून त्यांत साठलेला मजकूर तग धरून आहे. पण त्याचेही आयुष्य त्या टंकाच्या प्रती आणि त्यांची मांडणी ओळखणारे लोक असेतोवरच. पीडीएफमध्ये टंक बांधलेला असल्याने पान डोळ्यांना वाचता येते, त्यातला शब्द मात्र शोधता येत नाही, उतरवून घ्यावा तर रोमन अक्षरे हाती येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या विनियमांनी प्रबंधांच्या संगणकीय प्रती सादर करणे बंधनकारक केले. हा नियम आला तेव्हा मराठी विभागांतील टंकलेखनाच्या सवयी आधीच्या दशकात पडलेल्या होत्या. अशा टंकांत लिहिलेला प्रबंध ग्रंथालयाच्या भांडारात जपला जातो, पण एखादा अभ्यासक त्यातील ‘नामदेव’ हा शब्द शोधू लागला तर त्याला उत्तर मिळते की असा शब्द या ग्रंथात नाही.

रूपांतराच्या आज्ञावली आहेत आणि त्या उपयोगी आहेत. पण त्यांना मूळ मांडणी नेमकी ठाऊक असावी लागते. एकाच टंककुळाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत एखाद-दुसरी जागा बदललेली असते, आणि मग ‘द्ध’चा ‘द्व’ होतो किंवा रफार शेजारच्या अक्षरावर जातो. शिवाय दस्तऐवजातील खरी इंग्रजी अक्षरे आणि इंग्रजीच्या जागी बसलेली मराठी अक्षरे यांतला भेद फक्त टंकाच्या नावावरून कळतो. मजकूर निव्वळ अक्षरांच्या रूपात जतन केला असेल, नावे गळून गेली असतील, तर संदर्भग्रंथांची इंग्रजी शीर्षकेही मराठी समजून रूपांतरित होतात. म्हणून जुन्या फाइलींबरोबर त्या काळचे टंकही जपून ठेवणे, हे हस्तलिखिताबरोबर त्याचे वेष्टन आणि पुष्पिका जपण्याइतकेच आवश्यक आहे.

६.

या साऱ्या वृत्तान्तातून एक निष्कर्ष निघतो. टंकस्वरूपांची निवड आज्ञावली करते हे खरे, पण ती आपल्या मनाने करत नाही. दस्तऐवजात जी नोंद सापडते तिच्या आधारे करते. १९९०च्या दशकात मराठीसाठी अशी नोंद करण्याची जागाच आज्ञावलीत नव्हती. त्या पिढीने टंकाच्या नावात मराठी लपवली, आणि त्यावाचून तिला गत्यंतर नव्हते. आज जागा आहे. ओपनटाइपमध्ये मराठीचे खाते आहे, युनिकोडमध्ये ‘ॲ’ आणि अर्धा ‘र’ आहेत, कार्यालयीन आज्ञावलीत भाषेच्या यादीत ‘मराठी’ हे नाव आहे. तरीही मराठीचे पुष्कळ लेखन ‘हिंदी’ किंवा ‘इंग्रजी’ या शिक्क्याखाली साठत असेल, तर तो दोष स्वरूपाचा म्हणता येणार नाही.

मराठी अभ्यासकेंद्रे महाराष्ट्राबाहेर असतात तेव्हा त्यांच्यावरची जबाबदारी वाढते. मुंबई-पुण्यात चुकीची नोंद झालेला दस्तऐवजही मराठी माणूस मराठी म्हणून वाचतो. चंडीगढच्या ग्रंथालयात तो यंत्राच्या सूचीवरून शोधला जातो, आणि सूची तेवढेच जाणते जेवढे दस्तऐवजाने स्वतःविषयी सांगितले आहे. विभागाच्या यंत्रांवर देवनागरीची भाषा मराठी अशी निश्चित करणे, प्रबंध स्वीकारताना मजकूर युनिकोडमध्ये आहे आणि त्यावर मराठीची खूण आहे हे पाहणे, अर्ध्या ‘र’ची एकच रीत ठरवणे, आणि जुन्या फाइली त्यांच्या टंकांसह वेळीच रूपांतरित करून मूळ प्रतीशी ताडून घेणे, ही कामे खर्चाची नाहीत. त्यांना पाठभेद तपासणाऱ्या संपादकाची चिकाटी मात्र लागते. नामदेवांची पदे लिपी बदलून पंजाबात टिकली, कारण ती लिहून घेणाऱ्यांनी ती कोणाची आहेत हे प्रत्येक पदाबरोबर नोंदवून ठेवले होते.